पाव फेरा

घानातल्या कुमासी शहरात, सुआमे मॅगझिन नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत आमचा कारखाना. तिथल्या जुन्या मिलिंग मशीनचं टेबल सरकवायचं हँडल पाव फेरा रिकामंच फिरायचं, कारण आतला नट झिजला होता. अशा मशीनवर टेबल नेहमी कटरच्या विरुद्ध सरकवायचं. कटरच्या दिशेने सरकवलं, म्हणजे सुलटा काप घेतला, तर पृष्ठभाग आरशासारखा येतो; पण कटर टेबलाला हिसका मारून ओढतो. माझ्याआधी या मशीनवर काम करणाऱ्या बादूच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. जखम चिघळली आणि तिसऱ्या आठवड्यात तो वारला. सुलटा काप घ्यायला आमच्या मालकाने, मास्टर अजापाँगनेच त्याला भाग पाडलं होतं.

रक्त सांडलेल्या मशीनपाशी आमच्यात दारू ओतून मेलेल्याची समजूत काढतात. मास्टरने नुसतं डिझेलने मशीन पुसलं आणि बादूच्या जागी मला उभं केलं.

सोमवारी हँडल धरलं, तर ते रिकामं फिरेना. मी नट उघडून पाहिला. तसाच झिजलेला होता. पुन्हा बसवला, तरी हँडल घट्टच. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.

मास्टर मात्र खूश झाला. "न्कान्सा, आता घे सुलटा काप! या पट्ट्या बघ, उंदराने कुरतडल्यात जणू. पाम तेलाच्या घाण्यात बसवायच्यात त्या, बकरीपुढे टाकायच्या नाहीत."

"मी नाही घेणार, मास्टर. बोटं मलाही दहाच आहेत."

"बादू निदान मर्द होता. तू जा, बायकांत बसून मक्याची केंकी वीक."

"इथे तरी त्याचं नाव घेऊ नका."

"का रे? ऐकतोय तो?"

त्या क्षणी मला मास्टरचा मनापासून तिरस्कार वाटला. त्याने मला ढकललं आणि स्वतः उभा राहिला. उजव्या हातात हँडल, डाव्या हातात कीस झाडायचा ब्रश.

पहिली पट्टी लखलखीत निघाली. दुसरीही.

"बघितलंस, भित्र्या?" तो हसला. तिसऱ्या पट्टीला त्याने ब्रश फेकला आणि कटरजवळचा कीस बोटांनीच झाडू लागला.

मी हँडलकडे बघत होतो.

ते पाव फेरा रिकामं फिरलं.

मशीन बंद करायचा स्विच माझ्या बाजूलाच होता. मी हात उचलायला गेलो.

माझं मनगट कुणीतरी धरलं होतं. तीन बोटांनी.