आमच्या खोलीतला तिसरा रंग

हे खरं आहे. आधीच सांगते, म्हणजे खाली "फेकू नकोस" लिहिणाऱ्यांचे कष्ट वाचतील.

आणि हो, रात्र नव्हती. मला बारा वाजवता आले असते, वीज घालवता आली असती, एखादं कुत्रंही रडवता आलं असतं. पण ती मार्चच्या सुट्टीतली भर दुपार होती. बाहेर बर्फावर असं ऊन की डोळे उघडवत नव्हते. जागा... थंडर बे, ऑन्टारिओ. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची माझी खोली.

चुकलं. *आमची* खोली.

सगळं तिथूनच सुरू झालं.

मी तूली. वय पंधरा. गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. या वर्षी वादविवाद स्पर्धेत उभी राहिले, आणि आता शिक्षकांना मला हात जोडून खाली बसवावं लागतं. आई व्हँकूव्हरला असते. घरात मी आणि बाबा, दोघंच. माझ्या नव्या आवाजाला घरी श्रोता एकच, पण हक्काचा.

मग बाबाने लोरेनशी लग्न केलं. लोरेन चांगली आहे, खरंच. पण तिच्याबरोबर तिची मुलगी आली.

सोलांज. माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. स्केटिंग येतं, फ्रेंच येतं, आणि विनोदसुद्धा येतात.

पहिल्यांदा बाबा तिच्या विनोदावर हसला ना... मांडीवर थाप मारून, डोळे पुसत. ते हसू माझं होतं! मी कमावलेलं. 

त्यात ऑगस्टमध्ये लोरेनला बाळ होणार. म्हणजे रिकामी खोली लोरेनच्या शिवणयंत्राची, बाळाचा पाळणा काही महिने आमच्या खोलीत, आणि सोलांजही माझ्याच खोलीत. कायमची.

"भांडू नका," बाबा म्हणाला. "अर्धी भिंत तुझी, अर्धी तिची. जिला जो रंग हवा तो. आपणच देऊ."

मी घेतला गुलाबी. कोपऱ्यावरच्या बेकरीत 'पर्शियन' नावाचा गोड पाव मिळतो ना, त्यावरच्या साखरेच्या थरासारखा, अगदी तसा. तिने घेतला गडद निळा. मध्ये चिकटपट्टीची सरळ रेघ.

रोलर बाबाला आवडत नाही. तोंडावर ठिपके उडतात म्हणे. त्याने आणले पेंट पॅड. हातात मावणारी चपटी पट्टी, खाली स्पंज, त्यावर मखमलीसारखे बारीक केस. कडेसाठी एक छोटा पॅड असतो, त्याला दोन चिमुकली चाकं.

"फक्त केस बुडवायचे, स्पंज नाही," बाबाने दाखवलं. "ट्रेच्या काठाला निथळायचं. मग एकाच दिशेने ओढायचं आणि उचलायचं. परत मागे जायचं नाही. चाकांना रंग लागू द्यायचा नाही, नाहीतर दोन रेघा उमटतात."

पॅडचा आवाज अगदी हळू असतो. सप्प... उचल. सप्प... उचल. कुणीतरी ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसा.

माझे ओघळ आले. सोलांजचा एकही नाही.

"वा! हिला बघ, पहिल्याच हाताला जमलं," बाबा म्हणाला.

*हिला बघ.* मी बघितलं. फार प्रेमाने नाही.

खिडकीजवळ रंगाचे पोपडे सुटले होते. ते बाबाने घासून काढले. जुन्या पांढऱ्याखाली पिवळसर थर निघाला, आणि सगळ्यात तळाशी फिकट हिरवा.

"हा आपण घर घ्यायच्या कितीतरी आधीचा," बाबा म्हणाला. "लहान मुलांच्या खोलीला द्यायचे तेव्हा असा."

आम्ही त्याच्यावर रंग ओढला आणि जेवायला खाली गेलो. पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, गाठ मारून ठेवले होते.

गुरुवार होता, म्हणून वाटाण्याचं सूप. बाबाचं घराणं फिनलंडचं, तिकडे गुरुवारी हेच असतं. हिरवं.

"हे सूप आहे की तळ्यातलं शेवाळं?" सोलांज म्हणाली. "वाटाण्याचं सूप पिवळं असतं."

"पिवळं? ते बाळाच्या लंगोटात असतं."

"मुलींनो! जेवतोय आपण!" लोरेन ओरडली.

आणि बाबा हसला. माझ्या विनोदावर! मी अशी खूश झाले...

तेवढ्यात वरून आवाज आला.

सप्प...

सगळे चमचे थांबले.

सप्प...

बाबा टेबलाशी. लोरेन टेबलाशी. सोलांज माझ्यासमोर. घरात आम्ही चौघंच.

आम्ही वर गेलो. पिशवीची गाठ तशीच होती. पण सोलांजच्या निळ्या भिंतीवर, खाली, माझ्या कमरेच्या उंचीला... एक हिरवा चौकोन. ओला. खूप रंग घेतल्यामुळे ओघळलेला.

फिकट हिरवा.

"तुमच्या सुपाचा रंग!" सोलांज माझ्याकडे वळली. "तूच केलंस!"

"मी तुझ्यासमोर बसून सूप पीत होते ना? मला काय सहा हात आहेत?"

बाबा म्हणाला, ओलीमुळे तळाचा रंग वर आला असेल. त्याने त्यावर निळा ओढला.

मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगू? मला आतून गुदगुल्या झाल्या. कुणीतरी होतं जे माझ्या बाजूने होतं. खराब झाली ती तिची भिंत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा निळ्यावरच. पण या वेळी ओघळ कमी होते. चौकोनाला चौकोन नीट जोडलेला. वरच्या कडेला मात्र दोन बारीक समांतर रेघा... चाकांना रंग लागला की उमटतात तशा.

मी त्या रेघांकडे बघत राहिले.

कालच्यापेक्षा चांगलं जमलं होतं.

जे कोणी होतं, ते आमचं बघून शिकत होतं.

सोलांजने उशी उचलली. "मी तळघरात झोपते. तुला हेच हवं होतं ना? घे." तिची हनुवटी थरथरत होती. तिची! स्केटिंगवालीची!

मला तेच हवं होतं. कित्येक महिन्यांपासून. आणि मिळालं तेव्हा नकोसं झालं.

मी बेकरीत पळत गेले. दोन पर्शियन आणले आणि तिला हाताला धरून वर घेऊन आले. दोन रंगांच्या रेघेपाशी, भिंतीकडे पाठ करून, आम्ही जमिनीवर बसलो. खांद्याला खांदा लावून, कारण रंगाचा वास जावा म्हणून खिडकी उघडी होती आणि थंडी मरणाची.

"गोष्टींत कुणी सावत्र बहिणीला उगाच खायला आणून देत नाही," ती म्हणाली. "विष आहे का यात?"

"आहे. गुलाबी आहे म्हणून कळत नाही."

ती हसली. मग मी हसले. मग तिच्या नाकाला साखर लागली आणि आम्ही दोघी पोट धरून...

सप्प...

मागे. अगदी मागे.

आम्ही गप्प झालो. तेही थांबलं.

"पाइप असेल," सोलांज कुजबुजली.

"पाइपला रंग देता येत नाही," मी म्हणाले. आणि मूर्खासारखं मला हसू फुटलं. घाबरले की फुटतं. तिलाही फुटलं.

सप्प... सप्प... सप्प...

जवळ. भराभर. रागाने ओढल्यासारखं.

आणि माझ्या पाठीवर काहीतरी फिरलं. ओलं. गार. मऊ केसांचं.

आम्ही किंचाळत उठलो. मागे वळून बघितलं.

कुणी नव्हतं.

या वेळी माझी गुलाबी भिंत रंगली होती. हिरवा पट्टा कोपऱ्यातून निघून सरळ आमच्या पाठीपर्यंत आला होता.

"तूली, तुझा स्वेटर..." सोलांज म्हणाली.

"तुझापण."

माझ्या उजव्या खांद्यामागे अर्धा हिरवा चौकोन. तिच्या डाव्या खांद्यामागे उरलेला अर्धा. एकदाच ओढलेला. आम्ही जिथे एकमेकींना टेकून बसलो होतो, बरोबर तिथून.

तेव्हा मला समजलं. मत्सर मला लांबूनही ओळखता येतो, मी त्यातली पदवीधर आहे. भिंतीत जी कोणी होती, ती माझ्या बाजूने कधीच नव्हती. आम्ही भांडत होतो तोवर तिला वाटत होतं, एकजण निघून जाईल आणि या खोलीत तिला पुन्हा जागा होईल.

ती. हो. का कुणास ठाऊक, आम्ही दोघीही 'ती'च म्हणतो.

आम्ही बाबाला गाठलं. खिडकीजवळ घासून काढलेला एक पोपडा दुकानात नेऊन तोच हिरवा बनवून घ्यायला लावला. गुलाबी आणि निळ्याच्या मध्ये दाराएवढ्या रुंदीचा पट्टा आम्ही हिरवा रंगवला. नीट, दोन हात देऊन. सोलांजने ओढला, मी कड केली. चाकांना रंग लागू दिला नाही.

"दोन मुलींची खोली आणि रंग तीन?" बाबा म्हणाला. "तुमचं काही कळत नाही बुवा."

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

त्यानंतर सगळं शांत. खरंच शांत. एप्रिल गेला, मे गेला. सोलांज आणि मी हसलो तरी भिंत गप्प. तिचा वाटा तिला मिळाला होता. मला आता बाबाचं हसू वाटून घ्यायचंही काही वाटत नाही. म्हणजे... फार नाही.

मग परवा लोरेन वर आली. पोटावर हात ठेवून भिंत बघत राहिली.

"किती गोड हिरवा आहे! पाळणा इथेच लावू या, या पट्ट्यासमोर."

"तिथे नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"का गं?"

काय सांगणार? बाबाने पाळणा जोडला. पांढरा, कोरा. हिरव्या पट्ट्याला टेकवून ठेवला.

आज दुपारी शाळेतून आले. खोलीत रंगाचा वास येत होता.

पाळण्याचा एक दांडा हिरवा झाला होता. फक्त एकच. वरपासून खालपर्यंत, एका दिशेने ओढलेला. एकही ओघळ नाही. चाकांची रेघ नाही. माझ्यापेक्षा सुबक.

मी आणि सोलांज खाली बसून हे लिहितोय. लोरेनला आम्ही अजून सांगितलेलं नाही. पाळणा उद्या खाली आणायचा ठरवलंय. पण पाळणा हलवून ती थांबेल का, ते आम्हाला माहीत नाही.

कारण त्या दिवशी खोलीत आम्ही हसलो, तेव्हाच ती आमच्या पाठीपर्यंत आली होती.

आणि लोरेन आत्ताच स्वयंपाकघरात फोनवर कुणालातरी कौतुकाने सांगत होती... बाळं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत झोपेतसुद्धा हसतात म्हणे.