बुळबुळ्याचं पाणी कोणी केलं?

नलिनी आत आली तेव्हा तिच्या हातात झाकलेला टोप होता आणि चेहरा मयताला निघाल्यासारखा.

"अनू, खून झालाय," ती म्हणाली. "आमच्या बुळबुळ्याचा."

खासगी गुप्तहेर अनुपमा सामंत हिनं समोरची फाइल मिटली. अंधेरी स्टेशनाजवळच्या तिच्या ऑफिसात नवऱ्यावर संशय घेणाऱ्या बायका पुष्कळ येत. पालिकेच्या शाळेत शिकवणारी बालमैत्रीण मात्र टोप घेऊन पहिल्यांदाच आली होती.

दत्तारामनं झाकण उचललं. गिरणीच्या संपानंतर, चार वर्षांपूर्वी, हा अनुपमाकडे मदतनीस म्हणून लागला. माणूस इमानी, डोकं मात्र पॅसेंजर गाडी.

"मॅडम, कैरीचं पन्हं वाटतंय."

"पन्हं नाही रे ते! आज विज्ञान प्रदर्शन आहे," नलिनी म्हणाली. "सातवीच्या पोरांनी सुताराचा पांढरा डिंक पाण्यात कालवला, त्यात सोनाराकडून आणलेला टाकणखार घातला. असा झकास लिबलिबीत गोळा झाला! हातातून ओघळतो, पण सांडत नाही. पोरांनी नाव ठेवलं बुळबुळ्या. रंगाला हळद टाकली, तर तो कुंकवासारखा लाल झाला. पोरं नाचली नुसती."

"आणि आज सकाळी?"

"हे असं पाणी. प्रदर्शनाच्या खोलीची किल्ली वर्गाच्या मॉनिटरकडे, जयाकडे. वेसाव्याची कोळ्यांची पोर. गोळा जमवला तिनंच, टोपही तिच्याच घरचा. हेडमास्तर रामनाथ सरांनी तिलाच दोषी ठरवलं. साडेतीनला परीक्षक येतील तेव्हा टेबलाशी तिनं उभं राहायचं नाही म्हणे."

"ती काय म्हणते?"

"काहीच नाही. 'मी केलं नाही' एवढंसुद्धा म्हणत नाही गं."

अनुपमानं पाण्यात बोट फिरवलं. बोटाला एक बी लागली. तिनं ती रुमालात बांधली, टोपाला नाक लावलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. कडा घासूनपुसून लखलखीत होती.

"काल ह्या टोपाला कसला वास होता?"

"आता तुझ्यापासून काय लपवायचं! म्हावऱ्याचा. काल शेजारच्या वर्गाच्या रत्नप्रभाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'विज्ञान आहे की बोंबील?' पोरं फिदीफिदी हसली. जया रडत घरी गेली."

"आता वास नाही," अनुपमा म्हणाली. "चल, शाळेत जाऊ."

रत्नप्रभाबाई त्याच खोलीत आपल्या वर्गाचा मातीचा ज्वालामुखी रंगवत होत्या. शेजारी व्हिनेगरची बाटली होती, निम्मी रिकामी. दत्तारामनं अनुपमाला कोपर मारलं.

"बाटली अर्धी का?" अनुपमानं विचारलं.

"काल दोनदा ज्वालामुखी फोडून बघितला म्हणून! मी कशाला त्या गिळगिळीत प्रकाराला हात लावू? पहिला नंबर आमचाच आहे."

शिपाई धाकू व्हरांड्यात बादलीत धुण्याचा सोडा कालवून फरशी पुशीत होता.

"परवापासून ता चिकाट फरशीवरसून मीच खरवडतंय," तो म्हणाला. "पन टोपाक मी हात नाय लावूक."

"सकाळी कोण आलं होतं?"

"जया इली, नवाक. तिच्या वांगडा तिची आजी, अंजनाबाई. मासळीची टोपली हयच ठेवल्यान, माझ्याकडसून सुको फडको मागून घेतल्यान. मी पानी भरूक गेलंय. येवन बघतंय तर दोघा भायर."

अंजनाबाई अजून व्हरांड्याच्या टोकाला बसून होती. नातीचं प्रदर्शन बघायला तिनं आज बाजार बुडवला होता. पण खोलीत काही ती येईना.

"नको बाय, माज्या लुगड्याला वास येतो," ती अनुपमाला म्हणाली.

शेजारी जया खाली मान घालून उभी होती. अनुपमानं तिला एकच प्रश्न विचारला.

"तू कुणाला वाचवतेयस?"

जयाचे डोळे भरले.

तीन वाजता अनुपमानं रामनाथ सरांना, दोन्ही बाईंना, धाकूला आणि पोरांना टेबलाभोवती जमवलं. अंजनाबाईला तिनं हाताला धरून आत आणलं होतं.

"मॅडम, व्हिनेगरच ना?" दत्ताराम कुजबुजला.

"दत्ताराम, हळद टाकणखारात लाल झाली होती. क्षारात ती लाल होते. आज ती पिवळी आहे, म्हणजे टोपात काहीतरी आंबट पडलं. डिंकाला टाकणखार धरून ठेवतो. आंबट पडलं की ती पकड सुटते आणि गोळ्याचं पाणी होतं. धाकूकडे सोडा होता, तो आंबट नाही. म्हणून धाकू सुटला."

"म्हणजे मी?" रत्नप्रभाबाई उसळल्या.

"तुमच्या बाटलीत बिया नसतात." अनुपमानं रुमाल उघडला. "ही लिंबाची बी. आणि मला सांगा, वाटोळं करायला आलेला माणूस टोपाची कडा पुसून लखलखीत करतो का? म्हावऱ्याचा वास घालवतो का? हे ज्यानं केलं त्याला हा टोप जगासमोर चांगला दिसायला हवा होता. फडकं कोणी मागितलं होतं, धाकू?"

सगळ्यांच्या माना अंजनाबाईकडे वळल्या. म्हातारी पुढे आली.

"मीच गो बाय. माजी नात रडत आली. तिच्या टोपाला वास येतो म्हनले. म्हावऱ्याचा वास लिंबानं जातो, आमी जल्मभर तेच करतो. टोपातच चार लिंबं पिळली नि पुसून ठेवला. पोरीची वाट लागंल, मला काय ठाव?"

"जयानं ते पाहिलं," अनुपमा म्हणाली. "पण काल पोरं टोपाला हसली, आज आजीला हसतील, म्हणून दोष तिनं अंगावर घेतला. सर, अशी मॉनिटर तुम्हाला शोधून सापडायची नाही."

रामनाथ सरांनी चष्मा काढून उगाच पुसला. "जया, माझं चुकलं पोरी," ते म्हणाले. "पण आता वेळ कुठे उरलाय?"

"आंबटावर उतारा क्षाराचा. धाकू, कोरडा सोडा आण जरा."

जयानं चिमूट चिमूट सोडा घातला. टोप फसफसला. पिवळं पाणी नारिंगी झालं, मग लाल. ढवळता ढवळता पळी जड झाली आणि बुळबुळ्या लोंबत वर आला. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. सगळ्यात मोठ्यानं ओरडला दत्ताराम.

"पुन्हा लिंबू पिळू?" जयानं विचारलं. तिचा आवाज परत आला होता.

परीक्षकांसमोर तिनं तेच केलं. लिंबू पिळून गोळ्याचं पाणी केलं, सोडा घालून पाण्याचा गोळा केला. हळदीचे रंगही समजावून सांगितले. परीक्षकांनी स्वतः दोनदा करून पाहिलं. ज्वालामुखीकडे ते जेमतेम वळले.

"लिंबाची कल्पना कोणाची?" त्यांनी वही उघडून विचारलं. "बाईंची?"

नलिनीनं नकारार्थी मान हलवली. तिचा ऊर अभिमानानं भरून आला होता, पण बोलायचा हक्क तिचा नव्हता.

जया पोरांच्या गर्दीतून गेली. मागे भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या अंजनाबाईला तिनं कवेत घेतलं, लुगड्यासकट, आणि टेबलाशी आणून उभं केलं.

"माझ्या आजीची," ती साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "लिहा सर. अंजनाबाई, वेसावे. मासळी विकते."

कोणी हसलं नाही.