तोडणीनंतरची पानं

मदत कोणी मागो न मागो, गजेंद्र ती करायचाच. वर दात काढत उभा राहायचा. असल्या माणसाचं करावं तरी काय?

पहिली भेट मूर्तिजापूरच्या स्टँडवरची. रुख्मिणी द्राक्षाच्या रोपांची टोपली घेऊन भातकुलीच्या गाडीची वाट पाहत होती. हा आला, टोपली उचलली अन् अकोल्याच्या गाडीत नेऊन ठेवली!

"काहो, तुमाले कोनं सांगतलं होतं?"

"कोनीच नाई… ओझं दिसलं, उचललं."

"मंग आता पळा! गाडी सुटून राहिली."

धावत्या गाडीमागे पळून त्यानं टोपली परत आणली. पोटाशी धरून, लेकरासारखी. कान लाल झाले होते. रुख्मिणीनं हसू ओढणीत दाबलं.

शेजारचंच शेत त्याचं निघालं. मग तारा ताणायला, वेल बांधायला हा रोज हजर. बांधावरचा चहा गार व्हायचा, आणि दोघं बोलायचे कमी, पाहायचे जास्त.

रुख्मिणीच्या बापानं, भगवंतरावांनी, एक एकर दिलं होतं तेही कुरकुरत. "दोन तोडण्या पाहीन. दुसऱ्या खेपीले घड नसले तं तारा काढून तूर पेरतो."

पहिली तोडणी झाली. थोडीच, पण गोड. रुख्मिणी बहिणीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेली. परतली तेव्हा बागेत एक पान नव्हतं. नुसत्या काड्या… आणि मधोमध गजेंद्र, हसत.

"शेळ्या सोडल्या होत्या. कापूस वेचला का आमी सोडतोच. लेंड्या पडल्या, बाग साफ झाली!"

ती ओरडली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

"घड देऊन येल रिकामा होते, गजेंद्र. मंग हेच पानं ऊन खाऊन खोडात, मुयात साठा भरते. छाटणीनंतरचा फुटवा त्याच साठ्यावर जगते. तू बाळंतिणीच्या म्होरचं ताट शेळीले देल्लं."

उन्हाळी छाटणीनंतर काड्या आल्या त्या सुतळीसारख्या. ऑक्टोबरात दुसरी छाटणी झाली. फुटींवर ज्वारीच्या दाण्याएवढे घड दिसले. रुख्मिणी रोज सकाळी श्वास रोखून पाहायची. आभाळ भरलेलंच असायचं. आठवडाभरात घड जिरून गेले आणि जागी राहिले नुसते वेटोळे ताणे.

"म्या म्हनलं नव्हतं? आपली मातीच नाई ते," भगवंतराव म्हणाले.

"रोग पडला, बाबा," रुख्मिणी म्हणाली. पानंही रोगानंच गेली असं त्यांना वाटू दिलं, शेळ्यांचं नाव नाही काढलं. काढलं असतं तर गजेंद्रला त्या घराचा उंबरठा जन्मभर बंद झाला असता.

भगवंतराव पान्हा घेऊन तारा सैल करायला लागले, तेव्हा गजेंद्र धापा टाकत बांधावर आला.

"शेळ्याईचं सांगतलं नाई तू?"

"नाई."

"काहून? बाग चालली न तुयी!"

"काहून म्हंजे… तुले समजत नाई काय?"

समजलं. तो सरळ भगवंतरावांपुढे जाऊन उभा राहिला.

"काका, माती खोटी नाई. शेळ्या म्या सोडल्या होत्या. ते मले वाचवून राहिली."

भगवंतरावांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. पान्हा खिशात टाकला.

"बाग ऱ्हाईन आनखी एक साल. हा मानूस इथं दिसाले नाई पाह्यजे."

रुख्मिणी त्याला बांधापर्यंत सोडायला गेली. तिथंही हा सुरूच झाला, "मी चोरून शेणखत टाकत जाईन, पानी पाहीन—"

"चूप!" तिनं डोळे पुसले. "येलाले भरून घ्याले वेळ लागते, बाबाले त्याच्याहून जास्ती. सालभर तू काईच करायचं नाई. खत नाई, पानी नाई, निरोप नाई. नुसतं थांबायचं. तेवढं जमलं तं पुढच्या तोडणीले बाबाच्या म्होरं येऊन मले माग. नसंन जमत तं आताच सांग, मी आजच रडून घेते!"