अजून दोन यायचेत

पटत नसेल तर सोडून द्या, पण हे घडलंय. दादाच्या मुलीचं लग्न ठरलं, त्या वर्षी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रेल्वेच्या बोगद्यात रूळ तपासायचं त्याचं काम.

त्याच वर्षी आमची लाईन एका परदेशी कंपनीने चालवायला घेतली. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना लोखंडी दारं बसली. गाडी आली की ती आपोआप उघडत; एरवी उघडायची-मिटायची समुद्रापलीकडच्या कुठल्याशा खोलीतून.

पूर्वी दोन तोंडांना दोन माणसं असत. इकडे दादा, तिकडे त्याचा साडू, लंबू. आत शिरताना दादा रुळावर हातोड्याने दोन ठोके मारी. पलीकडून दोन आले की वाट मोकळी. तीन आले की गाडी येतेय. मग भिंतीतल्या कोनाड्यात शिरायचं आणि दोन ऐकू येईपर्यंत हलायचं नाही.

कंपनीने लंबूला घरी बसवलं.

"आता तुला उत्तर कोण देणार? तो समुद्रापलीकडचा साहेब?" लंबू म्हणाला होता.

"तुझ्यावाचून काही अडत नाही माझं."

"बघू हं, साडूभाऊ!"

मग एके दिवशी दुपारचं जेवण उरकून दादा आत गेला. मागे दार मिटलं.

सवयीने त्याने दोन ठोके मारले. मग स्वतःशीच हसला. पलीकडे होतं कोण?

आणि तेवढ्यात... रूळ वाजला.

एक. दोन. तीन.

दादाने घाईने वायरलेस उचलला. "गाडी आहे का?"

"नाही. लाईन मोकळी आहे. काम चालू ठेवा." समुद्रापलीकडच्या खोलीतून बाईचा शांत आवाज.

पण पाय आपसूक कोनाड्याकडे वळले. पाठ भिंतीला टेकते न टेकते, तोच रिकाम्या डब्यांची गाडी नाकासमोरून धडधडत गेली.

"माफ करा, ती आमच्या पडद्यावर दिसलीच नाही," बाई म्हणाली. "दार उघडलंय. बाहेर या."

खरंच, समोर उजेड दिसत होता. हाकेच्या अंतरावर.

दादाने एक पाय कोनाड्याबाहेर टाकला...

तीन ठोके.

पाय आत. दादा वाट बघत राहिला. गाडी आली नाही. दोन ठोकेही आले नाहीत.

पुन्हा पाय उचलला...

तीन ठोके. या खेपेला जवळून.

"लंबू, पुरे झाली थट्टा!" दादा ओरडला. "दोन मार! लेकीचं लग्न आहे रे माझ्या!"

बराच वेळ काही नाही. मग...

तीन.

दार सताड उघडं, आणि दादा भिंतीला चिकटलेला. समोरचा उजेड पिवळा पडला, मग विझला. शेवटी माणसं विजेऱ्या घेऊन आली. त्यांना कसलाच आवाज ऐकू आला नव्हता. दोघांनी धरून ओढलं, तेव्हा कुठे तो निघाला.

दोन ठोके त्याला मिळालेच नाहीत.

लेकीच्या लग्नात तो सारा वेळ भिंतीला पाठ लावून उभा होता.

"अहो, पुढे या ना," व्याही म्हणाले.

"थांबा. अजून दोन यायचेत."

व्याह्यांना वाटलं, पाहुणे.

लंबूच्या बायकोने पुढे सांगितलं. तो आजारी होता, आणि दादा बोगद्यात अडकला त्या दिवशी उजाडल्यापासून पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमचा आपटत होता. तीन-तीन वेळा. वैतागून तिने चमचा काढून घेतला.

लंबू वारला तो त्याच दिवशी, सकाळी अकराला.

दादा बोगद्यात शिरला, तो जेवणानंतर.