म्हातारी मुरडी

मुरडी ही नदी. मग तिच्यापासून अर्धा किलोमीटर लांब, गुपचूप पडून असलेल्या तळ्याला वाडीतले लोक ‘म्हातारी मुरडी’ का म्हणायचे? बारा वर्षांच्या किमयाला ते नाव खुळचट वाटे. पुरात लोकांना सुरक्षित जागी नेणाऱ्या टिटवी या यंत्रमानवासाठी वाडीचा नकाशा भरायचं काम शाळेने तिला दिलं, तेव्हा तिने ते खोडून झोकात लिहिलं, ‘तळे क्रमांक चार’.

आज वरच्या डोंगरात ढगफुटी झाली होती. टिटवीने बालवाडीची एकोणीस मुलं तळ्याकाठच्या मैदानात नेली. त्यांत किमयाचा धाकटा भाऊ ओजसही होता. ‘नदी लांब. जागा सुरक्षित,’ असा निरोप तिच्या मनगटावरच्या पडद्यावर आला.

तिने तो वाचून दाखवताच आबांचा चेहरा पांढराफटक पडला. आबा म्हणजे तिचे आजोबा, नद्यांचे शास्त्रज्ञ.

“म्हातारीच्या काठावर? कुणी सांगितलं तिला?”

“का? ते तर तळं आहे.”

आबांनी टेबलावर बोटाने पाण्याची नागमोडी रेघ ओढली. “वळणावर बाहेरच्या काठाला पाणी जोरात धडकतं, काठ खातं. आतल्या काठाशी संथ होतं, गाळ टाकतं. वळण फुगत जातं, त्याची मान बारीक होते. एखाद्या पुरात नदी ती मान तोडून सरळ निघून जाते. मागे उरतं ते नालाकृती सरोवर (घोड्याच्या नालासारखं वळलेलं तळं). ती नदीची जुनी वाट आहे, पोरी, आणि अजून सखल आहे. मोठा पूर आधी तिकडेच वळेल.”

किमयाने मनगट तोंडाशी नेलं.

“टिटवी, मुलांना टेकडीवर ने. आत्ताच्या आत्ता.”

“नकाशात तसं कारण नोंदलेलं नाही,” टिटवी म्हणाली.

“‘म्हातारी मुरडी’ हे नाव मीच खोडलं,” किमया म्हणाली. “तिथे पूर्वी नदी होती. नकाशा मी चुकवला.”

पडद्यावरचे एकोणीस ठिपके हलू लागले. सतरा टेकडीवर पोचले. दोन मागेच रेंगाळले, आणि मैदानाच्या कडेला निळा रंग पसरू लागला. आबांनी तिचा हात घट्ट धरला. अठरा. मग कितीतरी वेळाने एकोणीस.

थोड्या वेळाने मनगटावरच्या पडद्यातून ओजसचा आवाज आला. त्याची एक चप्पल वाहून गेली होती आणि तो त्याबद्दल टिटवीशी भांडत होता. किमयाला रडू फुटलं.

“आणखी काय खोडलंस?” टिटवीने विचारलं.

किमयाने डोळे पुसले. “शाळेजवळच्या वळणाला सगळे ‘खादाड’ म्हणतात. ते दरवर्षी बाहेरचा काठ खातं.”

“दरवर्षी किती?”

“कुणालाच ठाऊक नाही,” किमया म्हणाली. “पाणी उतरलं की आपण दोघी मोजू.”