पंख मोजणारं यंत्र

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दोन्ही हात पसरून जीव खाऊन फडफडत होता. एकटाच! मी दारातच थबकले.

"अहो, काय चाललंय?"

"दुरुस्तीवाला आहे मी," तो धापा टाकत म्हणाला. "यंत्र चालू झालं का बघतोय... हे काय, कावळा?"

विज्ञान संग्रहालयात पक्ष्यांच्या दालनात माहिती सांगणं हे माझं काम. हे यंत्र तिथलंच. समोर उभं राहून हात हलवायचे. सेकंदाला किती वेळा हलले ते मोजून ते दिवा लावतं. एकदा हलले तर गिधाड, चारदा तर कावळा. पुढचे दिवे — चिमणी, चतुर, हमिंगबर्ड, डास — कुणालाच कधी लावता आले नाहीत.

"हमिंगबर्ड व्हायचं तर?"

"पन्नासदा तरी. एका सेकंदात."

"आणि डास?"

"पाचशेच्या आसपास."

"अरे बापरे! एवढी मेहनत करून येतो बिचारा माझ्या कानाशी... आणि मी त्याला मारतो!"

मी खळखळून हसले, आणि माझ्याच हसण्याने दचकले. सकाळी शाळांची मुलं येऊन जायची. दुपारनंतर काचेतले पक्षी आणि मी. आई ताईच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे घरीही कुलूप मीच उघडायचं, दिवा मीच लावायचा. 'आलीस का गं?' म्हणणारं कुणी नाही.

तो गेल्यावर दालन उगाचच मोठं वाटायला लागलं. मग मी एक उद्योग केला. यंत्रामागची वायर हळूच ओढली आणि यंत्रावर चिकटवलेल्या त्याच्या नंबरावर फोन केला. तो आला. असं बऱ्याचदा झालं. दर वेळी तो हात फडफडवून बघायचा, दर वेळी कावळा व्हायचा, आणि मी पोट धरून हसायचे.

एका सकाळी साहेब आले. "सारखं बिघडतंय हे. आता बंद पडलं की सरळ भंगारात."

आता वायरीला हात लावायची सोय नव्हती. यंत्र शहाण्यासारखं चालत राहिलं. तो मात्र येईना... येणार तरी कशाला? दुपारी डबा उघडायचे आणि दोन घास खाऊन बंद करायचे. मला तो हवा होता. इतकं साधं होतं ते, पण सांगायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी फोन लावलाच.

"बोला, काय तक्रार?" त्याचाच आवाज.

"तक्रार... नाही. यंत्र छान चालू आहे."

"मग?"

"तरी याल का?"

आता ठेवतोय हा फोन, असं वाटून मी घाईघाईने बोलून टाकलं, "आधीही ते बिघडलं नव्हतं. वायर मी ओढायचे."

"हं... आणि ती इतकी सहज कशी निघते, याचं नवल नाही वाटलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"स्क्रू मीच सैल ठेवून जायचो," तो चाचरत म्हणाला. "बोलावल्याशिवाय यायचं कसं... ते कळत नव्हतं मला."

"आता बोलावलंय ना," मी कसंबसं म्हटलं.

दुपारी तो आला. पहिल्यांदाच हत्यारांची पेटी न घेता. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्यातला एक मी धरला.