वीसपैकी वीस

साक्षलेखणी आली त्या वर्षी दहावीच्या मराठीत निम्मं राज्य नापास झालं. नदीकाठची पहाट सगळ्यांनीच वर्णिली होती, पाहिली कोणीच नव्हती. पाठ केलेलं लिहिताना बोटं एका लयीत चालतात; जगलेलं आठवून लिहिताना मध्येच अडखळतात, जोर बदलतो. ही लेखणी तो फरक टिपायची आणि निबंधाला गुण त्यावरच मिळायचे. तीस वर्षं पोरांकडून निबंध घोकून घेणाऱ्या खानझोडे सरांची शिकवणी त्यामुळे बंद पडली. बायको आधीच गेलेली. अकोल्याच्या त्या घरात मग बोलायलाही कोणी उरलं नाही.

अशात दहावीतली ऋजुता यायला लागली. रोज चार वाजता, वर्षभर. पत्त्यांत सरांची लबाडी पकडायची, त्यांच्या चहाला नावं ठेवायची आणि तोच चहा दोन कप प्यायची. झाकून कशाला ठेवायचं, पोटच्या पोरीवर जडावा तसा सरांचा जीव तिच्यावर जडला.

निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली. "सर, 'माझे एक ज्येष्ठ स्नेही'! तुमच्यावरच लिहिलं, वीसपैकी वीस!"

ती गेल्यावर सरांनी शर्वरीला बोलावून घेतलं. शर्वरी त्यांची जुनी विद्यार्थिनी आणि साक्षलेखणी बनवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक. हकिगत ऐकून तिनं उचललेला पेढा परत ठेवला.

"पेढा घे न माय. काहून ठेवला?"

"सर, रागावू नका. याला पेरणी म्हणतात. खोटं लिहिता येत नाही, म्हणून पालक अनुभवच आधी पेरून ठेवतात. एकट्या म्हाताऱ्यांच्या याद्या असतात क्लासवाल्यांकडे. लेकराला वर्षभर पाठवायचं, माया आपोआप उगवते."

"मी होतो यादीत?"

"पहिल्या पानावर."

सरांनी पेढे बाजूला सारले. "म्हणजे नाटक करत होती ती?"

"नाही ना! नाटक असतं तर शून्य मिळालं असतं. तिचा तुमच्यावर खरोखर जीव आहे, सर. लेखणी फसत नाही."

"मग उद्या येईल?"

शर्वरीनं मान खाली घातली. "जीव आहे का, एवढंच लेखणी सांगते. येईल का, ते नाही सांगत."

ऋजुता आली नाही. अकरावीचे क्लास नेमके चारलाच असायचे. एकदा तिचा फोन आला, "येते हं सर" म्हणताना पोरगी हमसून हमसून रडली. ते रडणं खरं होतं, आणि सरांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढच्याच सोमवारी बेल वाजली. दारात एक बाई, शेजारी दोन वेण्यांची मुलगी.

"सर, हिची यंदा दहावी आहे. रोज थोडा वेळ तुमच्याजवळ बसली तर चालेल का?"

दार लावून घ्यावं, असं सरांच्या मनात आलं. पुन्हा वर्षभर जीव लावायचा आणि पुन्हा एकट्यानं भिंती बघत बसायचं, हे आता झेपणारं नव्हतं. पण कितीतरी दिवसांत त्या घरात कोणी बोललं नव्हतं.

"ये बाळा," ते म्हणाले.

मुलगी आत आली. पढवल्याप्रमाणे तिनं सरांच्या तब्येतीची चौकशी केली आणि गोड हसली. हसू साफ खोटं होतं. मार्चपर्यंत ते खरं होईल, हे सरांना ठाऊक होतं.